क्वांटम डॉटचा रंग आकारानं काहून बदलतो?

गोदाकाठ_नांदेड: क्वांटम डॉटवर, म्हंजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांवर, एमएस्सीचा सेमिनार हाय. कॅडमियम सेलेनाइड तेच, मग २ नॅनोमीटरचा कण निळा अन् ६ चा लाल काहून? 'पेटीतला कण' (कोंडलेल्या कणाच्या ऊर्जेचं सोपं गणित) वाचलं. पेटी निम्मी, ऊर्जा चौपट. पण उत्तर लईच भलतं येतंय.

परभणीकर: चौपट होते ती फक्त कोंडल्याची ऊर्जा, बाळा. मूळचा बँडगॅप (मोठ्या तुकड्यात इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी कमीत कमी ऊर्जा), १.७४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तसाच राहतो. त्यात ती मिळव. मग इलेक्ट्रॉन अन् होल (इलेक्ट्रॉननं सोडलेली रिकामी जागा) यांच्या आकर्षणाची ऊर्जा वजा कर. उरते ती प्रकाशाची ऊर्जा: जास्त तर निळा, कमी तर लाल. ब्रुस यांचं समीकरण हेच. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस, एकिमोव्ह यांना मिळालं, स्लाइडवर टाक. परीक्षक खुश होतात.

लातूरचा_पोरगा: अन् इलेक्ट्रॉनचं इफेक्टिव्ह मास (स्फटिकात भासणारं वस्तुमान) घे, नेहमीच्या सुमारे ०.१३ पट. सगळे तिथंच घसरतात.

गोदाकाठ_नांदेड: होलचं किती धरू, सर?

परभणीकर: ०.४५.