लॉगच्या गणितात −२ उत्तर का चालत नाही?

अकरावी_सायन्स:
बेस २ आहे, गणित असं: लॉग(क्ष) + लॉग(क्ष − २) = ३. मी बेरजेचा गुणाकार केला, क्ष(क्ष − २) = २³ म्हणजे ८, मग क्ष² − २क्ष − ८ = ०, आणि उत्तरं आली ४ आणि −२. क्लासच्या नोट्समध्ये फक्त ४ दिलंय. पण −२ टाकलं तर (−२) × (−४) = ८ बरोबर येतं ना, मग ते का सोडायचं? आज दोन तास ह्यातच गेले, प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा.

गणितवेडी:
अगं तू −२ टाकून बघितलंस ते गुणाकाराच्या ओळीत, मूळ गणितात टाक. लॉग(−२) + लॉग(−४) होतं, आणि २ चा कुठलाही घात घेतला तरी तो −२ येत नाही, त्यामुळे लॉग(−२) ला रिअल नंबरमध्ये अर्थच नाही. लॉग म + लॉग न = लॉग(मन) हा नियम म आणि न दोन्ही पॉझिटिव्ह असतील तरच लागतो. दोन निगेटिव्हचा गुणाकार पॉझिटिव्ह होतो, तिथून −२ आत शिरलं. म्हणून आधीच लिहून ठेवायचं, क्ष > ० आणि क्ष > २, म्हणजे क्ष > २.

संध्याकाळची_शिकवणी:
बरोबर, पण ह्यावरून 'निगेटिव्ह आलं की काट मार' असं पाठ करू नकोस, माझ्याकडची निम्मी मुलं तेच करतात आणि मार्क जातात. बेस २ ला लॉग(६ − क्ष) = ३ सोडव, क्ष = −२ येतं आणि ते एकदम बरोबर आहे कारण कंसात ८ येतात. क्ष नाही, कंसातली किंमत बघायची. आणि उलटंही होतं हं, बेस १० ला लॉग(क्ष²) = २ मध्ये घाईघाईने घात पुढे आणून २ लॉग(क्ष) लिहिलं की फक्त १० मिळतं, −१० हरवतं. तिथे २ लॉग|क्ष| लिहायला हवं.

अकरावी_सायन्स:
ओह, म्हणजे माझंच गणित पहिल्यापासून लॉग(क्ष² − २क्ष) = ३ असं दिलं असतं तर −२ पण चाललं असतं?

गणितवेडी:
हो! ४ + ४ = ८, लॉग ८ = ३. तिथे दोन्ही उत्तरं लिहायची.