मदत हवी आहे : चावणाऱ्या मुलाच्या आईशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला एका बालवाडीत शिकवते. प्रश्न मुलाबद्दल कमी आणि त्याच्या आईबद्दल जास्त आहे.

मुलगा सव्वातीन वर्षांचा, इथे बाळू म्हणू. खेळकर आहे, पाण्याच्या टपापाशी बसवला तर उठायचं नाव घेत नाही. पण चावतो. ढकलतो, हिसकावतो, आणि नाही म्हटलं की फरशीवर लोळण घेऊन असं भोकाड पसरतो की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा होतात. चावणारं एखादं मूल दरवर्षी असतंच, त्याची मला धास्ती नाही.

धास्ती आईची वाटते. सुटायच्या वेळी ती गेटपाशी येतच नाही. पलीकडे रसाच्या गाड्याआड थांबते आणि बाकीच्या आया पांगल्या की मग येते. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी दातांच्या वळाचा फोटो टाकला होता, त्याखाली जे लिहिलं गेलं त्यात "घरात वळण नाही" हे सगळ्यात सौम्य. सासूबाई म्हणतात, तुझ्या माहेरचा स्वभाव उतरलाय. नवरा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला असतो, त्याचं म्हणणं "मी पण असाच होतो." मग राग निघतो तो पोरावर. घरी नेऊन ती त्याला बदडते, हे तिनंच मला रडत सांगितलं. परवा विचारत होती, "ताई, सगळे म्हणतात एकदा उलट चावून दाखव म्हणजे त्याला कळंल. चावू का?"

मी एक वही ठेवली आहे : चावण्याआधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, नंतर आम्ही काय केलं. बहुतेक प्रसंग डब्याच्या आधीचे नाहीतर घसरगुंडीच्या रांगेतले. दोघातिघांत खेळताना काही नाही. आणि बोलणं अजून सुट्या शब्दांचं : "पाणी", "दे", "गाडी". दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता यायला हवेत, तीनला छोटी वाक्यं. मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. नाक कायम वाहतं, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो म्हणे. मला कानाची शंका येते. सर्दीनं पडद्यामागं पाणी साठलं की ऐकू कमीजास्त होतं, आणि बरेचदा कान दुखत नसल्यानं घरात कळतही नाही. वर्गाच्या गोंगाटात तर त्याला काय ऐकू येत असेल देव जाणे.

पण "कान आणि बोलणं तपासून घ्या" म्हटल्यावर त्या घरात काय अर्थ लावला जाईल? आमच्या एका सहकारी बाईंना पूर्वी एका पालकांनी "आमचा पोरगा वेडा हाय का?" म्हणून सुनावलं आणि दुसऱ्या दिवसापासून मूल यायचं बंद झालं.

सुरुवात कुठून करू? सासूबाईंनाही बोलावू का? पोराला काय शिक्षा करावी, हे कृपया सांगू नका.

मिरजकर आई :
ताई, माझी धाकटी अशीच होती. गेटवर एक शब्द बोलू नका, तिथं तिला फक्त "आज कुणाला?" एवढंच ऐकू येतं. दुपारी बोलवा, खुर्चीवर बसवा. आधी त्याचं काय छान चाललंय ते सांगा, आणि खरं सांगा, गोड बोलण्यासाठी म्हणून नको. आमच्या बाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "तुम्ही फार दमला असाल." इतर सगळे मला शिकवत होते, त्या एकट्यांनी मला विचारलं, घरी हे कधी होतं. मी बोलत गेले आणि निम्मं मलाच उमगलं.

जुनं खोड :
आमच्या वेळी एक धपाटा बसला की पोरगं सरळ. आता वह्या काय, तपासण्या काय!

मिरजकर आई :
काका, धपाटे रोज बसतायत की त्याला. सरळ झाला असता तर हा धागा निघाला असता का?

वाचा-श्रवण :
मी याच क्षेत्रात काम करते. तुमची शंका रास्त आहे. पालकांना "दोष", "मागे पडलाय" असं काही म्हणू नका. "सर्दी सारखी असते, एकदा कान बघून घेऊ," इतकं पुरे, आणि ते खरंही आहे. सर्दीसाठी डॉक्टरकडं जायला कुठल्याच घराची हरकत नसते. पडद्याची हवेच्या दाबाची तपासणी काही मिनिटांत होते, सुई वगैरे नसते. ऐकण्याची तपासणी या वयात खेळातून घेतात, मूल साथ देत नसेल तर झोपेत बेरा करतात, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते यंत्रावर बघतात. पडद्यामागं पाणी आढळलंच तर आईला घाबरू देऊ नका, बऱ्याचदा ते तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर थांबून पुन्हा बघायला सांगतात. कान चांगले निघाले तरी बोलण्याची तपासणी मात्र करून घ्याच. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नका.

उलट चावू नका, हे आईला स्पष्ट सांगा. मोठ्या माणसानं चावलं तर चालतं, एवढाच धडा त्याला मिळतो. चावला की आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्या, मग बाळूच्या समोर बसून "चावायचं नाही. दुखतं." बस्स. भाषण नको. "माझी पाळी" ही खूण हातानं शिकवा, आणि त्याचा खाऊ जरा आधी द्या. वहीच सांगतेय की तो भुकेला असतो.

आईला एक गोष्ट आधीच बजावा. हट्टाला दाद देणं बंद केलं की सुरुवातीला हट्ट वाढतो. हे माहीत नसेल तर चौथ्या दिवशी ती म्हणेल, "ताईंच्या सल्ल्यानं बिघडला," आणि सासूबाई दुजोरा देतील.

धागाकर्ती :
खाऊ पुढे घेतला, ते आमच्याच हातात होतं. सासूबाईंचं मनात पक्कं केलंय : जेवताना त्याच मोबाईल लावून देतात, म्हणून त्यांना बोल लावायला नाही, काम द्यायला बोलावणार. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणते, तोही मोठ्यांसोबत. पण आकडा सांगून आजी ऐकायच्या नाहीत. "तुमच्या गोष्टी याला हव्यात, घास भरवताना सांगाल का" असं म्हणणार आहे. ग्रुपवर मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, एवढा नियम मुख्य बाईंकडून करून घेतला. दोन आयांना तो पटलेला नाही, चालायचंच.

आईशी उद्या दुपारी बोलणार. वडिलांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, म्हणजे सकाळ मोकळी. मिरजेच्या सरकारी दवाखान्यात नेताना सोबत काय घ्यायला सांगू?

वाचा-श्रवण :
आधार, लसीकरणाचं कार्ड आणि तुमच्या वहीची झेरॉक्स. ओपीडी सकाळची असते, लवकर जाऊन केसपेपर काढायला सांगा. रांग लांब असते, तेव्हा त्याचा डबा आणि एखादी गाडी विसरू नका म्हणावं.