मदत हवी आहे : शेअरचे हजारावर व्यवहार, 2024-25 च्या आयकर रिटर्नमध्ये एकेक भरायचे का? 15 सप्टेंबर 2025 ची मुदत तोंडावर

उद्यमनगरकर
सरळ मुद्द्यावर येतो. ब्रोकरकडून टॅक्स पी अँड एलची (नफा-तोट्याची) एक्सेल आली आहे, हजाराच्या वर ओळी. आयकराच्या पोर्टलवर 112ए चं (लाँग टर्म नफ्याचं) शेड्यूल उघडलं तर कंपनीचं नाव, आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक), खरेदी, विक्री सगळं एकेक मागतंय. थोड्या ओळी भरल्या की लॉगआउट. हे हातानं भरायचं असतं का? वर एआयएसमधला (खात्याकडच्या माझ्या व्यवहारांच्या नोंदीतला) विक्रीचा आकडाही जुळत नाही. नोकरी आहे, फॉर्म 16 आहे, बाकी काही भानगड नाही. कृपया सीएकडे जा असं सांगू नये, ते गणपतीपासून फोन उचलत नाहीत.

बावड्याचा_भावा
सीएकडे जा भावा.

एक्सेलवाली
आधी सांगा: लाँग टर्म (वर्षाच्या वर ठेवलेले) किती, शॉर्ट टर्म किती? इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकलेले) आहे का? फ्युचर्स-ऑप्शन्स? 31 जानेवारी 2018 च्या आधी घेतलेलं काही विकलंय?

उद्यमनगरकर
शेअर आहेत हो. घेतले, विकले. लाँग-शॉर्ट दोन्ही आहेत. हातानं भरायचं की नाही एवढंच विचारलंय.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
प्रत्येक व्यवहार भरावाच लागतो. मी दरवर्षी बसून भरतो. आळस केला की नोटीस येते, मग ताराबाई पार्कात आयकर कार्यालयाला हेलपाटे.

एक्सेलवाली
नाही काका. शॉर्ट टर्म, म्हणजे 111ए, तिथं एकेक व्यवहार विचारतच नाहीत. शेड्यूल सीजीमध्ये (भांडवली नफ्याच्या तक्त्यात) एकूण विक्री, एकूण खरेदी आणि खर्च. खर्चात दलाली धरा, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) धरू नका. या वर्षी फक्त दोन भाग पाडायचे: 23 जुलै 2024 च्या आधी विकलेले 15 टक्के करात, त्या दिवसापासूनचे 20 टक्क्यांत. लाँग टर्मला तसेच 10 आणि साडेबारा, सव्वा लाखापर्यंत कर नाही.
112ए मध्ये 31 जानेवारी 2018 नंतर घेतलेले शेअर एकत्र दाखवता येतात. खरेदीच्या रकान्यात 'नंतर' निवडलं की आयएसआयएन लागत नाही आणि नावाच्या जागी 'कन्सॉलिडेटेड'. हजार ओळींच्या दोन ओळी होतात, एक 23 जुलैच्या आधीची, एक पुढची. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावलं की पाच मिनिटांचं काम.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
दोन ओळींत हजार व्यवहार? खात्याला काय स्वप्न पडणार आहे? तुमची मर्जी.

गुळाची_ढेप
काका, तपशील खात्याकडे आधीच आहे, एआयएस म्हणतात त्याला. एक्सेल जपून ठेवायची, विचारलं तर दाखवायची.

पंचगंगाकाठ
नोटीस आली तरी आता मुंबईला जायला नको. 18 ऑगस्टपासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरात सुरू झालंय. एवढी वर्षं आंदोलनं केली त्याचं चीज झालं.

गुळाची_ढेप
अहो आधी अपील, मग पुण्याचं ट्रिब्युनल, मग हायकोर्ट. याचं अजून रिटर्न भरून व्हायचंय आणि तुम्ही त्याला हायकोर्टात उभा केलात!

रंकाळा_वारा
आयटीआर 1 (रिटर्नचा सगळ्यात सोपा फॉर्म) भरून मोकळे व्हा. यंदापासून शेअरचा नफा त्यातही चालतो.

एक्सेलवाली
फक्त लाँग टर्म, तोही सव्वा लाखाच्या आत. शॉर्ट टर्म असेल तर आयटीआर 1 बाद. उद्यमनगरकर, इंट्राडेचं उत्तर राहिलंय.

उद्यमनगरकर
सकाळी घेऊन दुपारी विकलेले बरेच आहेत. त्याचा इथं काय संबंध? ते सोडा, फाइलमध्ये चार कंपन्यांपुढं खरेदी किंमत शून्य आलीय आणि नफा डोंगराएवढा दिसतोय, त्याचं सांगा.

एक्सेलवाली
संबंध असा की फॉर्मच बदलला. इंट्राडे म्हणजे सट्टा व्यवसाय, आयटीआर 3. तिथंही एकेक सौदा नाही, एकूण उलाढाल आणि नफा-तोटा. ते शेअर कुठून आले? बोनसचे?

उद्यमनगरकर
बाबांचे. ते गेल्यावर माझ्या डीमॅटला आले.

एक्सेलवाली
मग शून्य चूक आहे. ब्रोकरला बाबांची खरेदी माहीत नाही म्हणून त्यानं तसं दाखवलं. वारशाला खरेदी किंमत बाबांची धरतात, मुदतही त्यांच्या खरेदीपासून. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स (ब्रोकरच्या सौद्याच्या पावत्या) शोधा. 31 जानेवारी 2018 पर्यंतची खरेदी असेल तर त्या दिवसाचा बाजारातला सर्वात वरचा भाव काढा. तो आणि तुमची विक्री किंमत, यातला कमी आकडा घ्या. तो बाबांच्या खरेदीपेक्षा मोठा असेल तर तोच आकडा तुमची खरेदी किंमत, नाहीतर बाबांची मूळ किंमत. या चार कंपन्या मात्र नाव आणि आयएसआयएनसकट वेगवेगळ्या भराव्या लागतील. त्यासाठी पोर्टलवर सीएसव्हीचा साचा मिळतो, रकाने न हलवता भरा आणि चढवा.
एआयएसमध्ये डिपॉझिटरीकडून (डीमॅट सांभाळणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या विक्रीला बहुधा त्या दिवसाचा बंद भाव लावलेला असतो. शिवाय इंट्राडे डीमॅटमधून जातच नाही. म्हणून जुळत नाही. प्रत्यक्ष मिळालेली किंमत भरा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली
इंट्राडे आहे? मग ऑडिट! उलाढाल कोटीत गेली असणार.

गुळाची_ढेप
काका, उलाढाल म्हणजे खरेदी-विक्रीची बेरीज नव्हे. प्रत्येक सौद्याचा नफा किंवा तोटा, वजाचं चिन्ह काढून, त्यांची बेरीज. आणि सगळं बँकेतून असेल तर मर्यादा 10 कोटी. उद्यमनगरात पगार घेणारा माणूस आहे तो, कारखाना नाही त्याचा.

बावड्याचा_भावा
म्हणून म्हणतो सोनं घ्या. गुजरीत जायचं, पावती घ्यायची, विषय कट.

उद्यमनगरकर
इंट्राडेत तोटाच झालाय. तो दाखवलाच नाही तर आयटीआर 2 चालेल ना?

एक्सेलवाली
नाही. दाखवायचाच, आणि तुमच्या फायद्याचंच आहे. मुदतीत रिटर्न गेलं तर तो तोटा 4 वर्षं पुढं नेता येतो. वजा होईल तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून, पगारातून किंवा शॉर्ट टर्ममधून नाही. एक अजून: जुनी कररचना घेणार आहात का? व्यवसायाचं उत्पन्न आलं की त्यासाठी 15 तारखेच्या आत फॉर्म 10-आयईए लागतो.

उद्यमनगरकर
घराचं कर्ज, एलआयसी, सगळं जुन्यातच बसवलंय!! हा फॉर्म कुठं असतो?

एक्सेलवाली
ई-फाइलमध्ये, इन्कम टॅक्स फॉर्म्सखाली. रिटर्नच्या आधी तो भरा, त्याचा पोच क्रमांक रिटर्नमध्ये टाकावा लागतो. आज रात्रीच करा.

रंकाळा_वारा
ताई, मिसेसच्या एफडीवर टीडीएस कापलाय. इथंच विचारू की नवा धागा काढू?