अनुभव धागा : देवापुढे आपले लहानपण कधी जाणवले?

त्र्यंबकरोडवासी : यंदाच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) गर्दी होती. माझ्या पुढे एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी उभे होते आणि त्यांच्याही पुढे आमच्या वसाहतीत झाडलोट करणाऱ्या मावशी. फादरांनी दोघांच्याही कपाळावर त्याच अंगठ्याने तीच राख लावली आणि माणूस माती आहे, तो मातीलाच मिळणार आहे, हे तेच वाक्य उच्चारले. मला एकदम आजी आठवली. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची झावळी देव्हाऱ्यामागे जपून ठेवीत असे आणि राख करण्यासाठी वेळेवर चर्चमध्ये नेऊन देत असे. ज्या झावळ्या जयजयकारात हलवल्या, त्यांचीच राख कपाळी येते, हे तिने मला लहानपणीच दाखवले होते. आपणा सर्वांचे असे अनुभव वाचायला आवडतील.

निफाडची_लेक : आमच्या गावातल्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीसाठी पूर्वी पुरुषच बसत. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात स्थान देण्याचा नियम केला आणि त्यानंतर फादरांनी माझ्या आईला विचारले. आईचा सारा जन्म द्राक्षबागेच्या कामात गेला आहे, त्यामुळे तिच्या टाचांना खोल भेगा आहेत. “फादर, माझे पाय नकोत,” असे ती कळवळून म्हणत राहिली. फादर म्हणाले की प्रभू येशू शिष्यांचे पाय धूत असताना पेत्रही त्याला हेच म्हणाला होता. मग ती बसली. फादरांनी गुडघे टेकून तिच्या टाचा धुतल्या, पुसल्या, त्यांचे चुंबन घेतले आणि आई मोठ्याने रडू लागली. दुसऱ्याची सेवा करताना आई कधीच अवघडली नव्हती. आपली सेवा कोणी करावी, हे सोसणे तिला फार कठीण गेले. मला वाटते, खरी नम्रता त्या रात्री दोघांनाही लागली, आणि आईला जास्त लागली.

अंबड_दुसरी_पाळी : पाळीला निघालो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मिस्सेत ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) स्वीकारण्यापूर्वी आपण शुभवर्तमानातल्या रोमी शताधिपतीचे शब्द म्हणतो, की प्रभू माझ्या छपराखाली यावा अशी माझी योग्यता नाही. आमच्या घरावर पत्रे आहेत. पावसाळ्यात ते शब्द म्हणताना मला ते छप्पर खरोखर दिसते. निफाडच्या ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

गंगाघाट : मी वारकरी घरातली आहे, तरी लिहिते. तुकोबांनी देवाकडे लहानपणच मागितले होते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, परंतु तुकोबांना त्यांनी कधी सोडले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला मी शेजारणीबरोबर जाते. एवढे लोक एका लहान मुलाच्या रूपापुढे मान लववतात, हे पाहून माझे मन भरून येते. पुढच्या यात्रेच्या तारखा कोणी सांगू शकेल का?

त्र्यंबकरोडवासी : ताई, यात्रा फेब्रुवारीत असते, नेमक्या तारखा जाहीर झाल्या की येथेच लिहीन.

शरणपूरचा_नातू : आमच्या नाशिकच्या शरणपूरला 1854 पासून मिशनची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. 1873 साली लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले गेले आणि अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली. चुमा, सुसी आणि इतर सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला. वेनराइट तो घेऊन इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाच्या वेळी शवपेटीजवळ होता. तेथील शिळेवर देह आणणाऱ्यांविषयी, विश्वासू हातांनी तो आणला, एवढेच कोरले आहे. त्या हातांची नावे नाहीत. आमच्या मातीत शिकलेल्या मुलाची ही निनावी सेवा मला नम्रतेचा सर्वांत मोठा धडा वाटते.

पाळकांची_सून : काका, मी आदर राखून असहमत आहे. त्याने निनावी राहणे पसंत केले होते का, हे त्याला कोणी विचारले नाही. तो तर रोजनिशी लिहीत होता. माझ्या आजेसासऱ्यांना गावाने वेशीबाहेरच ठेवले होते. लहान कसे व्हावे, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. चर्चमध्ये ते आले आणि तेथे प्रथमच सगळ्यांबरोबर एका चटईवर बसले, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतले. मरियेच्या गीतात देव अधिपतींना आसनांवरून उतरवतो आणि दीनांना उंच करतो, ही दोन्ही कामे एकत्र येतात. देवापुढे गुडघे टेकणारे आजेसासरे पाटलापुढे मात्र ताठ उभे राहू लागले, असे सासरे सांगतात. ज्या उपदेशातून हा ताठपणा निघत नाही आणि ज्यात नम्रता फक्त गरिबांना सांगितली जाते, तो उपदेश मला ख्रिस्ताचा वाटत नाही.

निफाडची_लेक : ताई, आपण अगदी मनातले लिहिले. त्या गुरुवारनंतर आई बागेत मालकासमोर खाली मान घालून बोलत नाही. हे मी वर लिहायला हवे होते.

शरणपूरचा_नातू : सूनबाई, आपले म्हणणे मला पटले. प्रभूने स्वतःला स्वेच्छेने रिक्त केले, असे पौल फिलिप्पैकरांस लिहितो. त्या मुलांच्या बाबतीत ही निवड दुसऱ्यांनीच केली होती.

त्र्यंबकरोडवासी : 2 नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी मिस्सा असते, तेव्हा आम्ही आपापल्या माणसांची नावे चिठ्ठीवर लिहून देतो. यंदा माझ्या चिठ्ठीत आजीच्या नावाखाली जेकब वेनराइट हे नाव असेल.

अंबड_दुसरी_पाळी : चुमा आणि सुसी हीदेखील लिहा.