मदत हवी आहे: टर्बो जिप्सी बूस्टमध्ये अडखळते, पेट्रोल कमी पडतंय की स्पार्क?

नमस्कार मंडळी,

मी रावेर तालुक्यातला. गाडी मारुती जिप्सी, १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन. त्यावर छोटा टर्बो आणि पुढे इंटरकूलर बसवला आहे. कंपनीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून स्पीडुइनो हा स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू लावलाय. इंजेक्टर ३३० सीसीचे, इग्निशनला वेस्टेड स्पार्कचा कॉइल पॅक (एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते). गाडी फक्त ऑटोक्रॉससाठी (मैदानातली वेळेविरुद्धची शर्यत) आहे, रस्त्यावर काढत नाही. टेस्टिंग मित्राच्या जिनिंगच्या आवारात करतो. कापसाचा हंगाम संपला की ते मैदान मोकळंच असतं, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन बघता येतं. जवळपास डायनो (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) नाही, त्यामुळे सगळी भिस्त ईसीयूने नोंदवलेल्या लॉगवर.

त्रास असा आहे. ०.३ बार बूस्टपर्यंत (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) गाडी लोण्यासारखी ओढते. ०.५ बारला पोचली आणि ४५०० आरपीएम ओलांडले की झटके खायला लागते, मिसिंग मारते. त्याच क्षणी वाइडबँडचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, म्हणजे एएफआर, दाखवणारं मीटर) काटा ११.८ वरून १४–१५ वर उडतो. बूस्टमध्ये एवढं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) म्हणजे पिस्टन वितळायची भीती, म्हणून मी लगेच पाय काढतो.

आजवर काय तपासलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. फ्यूल फिल्टर नवा आहे. इंजेक्टरची ड्यूटी (उघडं राहण्याचं प्रमाण) ५५०० आरपीएमला ६२ टक्के, म्हणजे इंजेक्टर लहान पडत नाहीत. मॅपमध्ये (ईसीयूतला पेट्रोल आणि टायमिंगचा तक्ता) त्या भागात ६ टक्के पेट्रोल वाढवून पाहिलं. अडखळणं कमी झालं नाही, उलट किंचित वाढल्यासारखं वाटलं, आणि हेच मला उमगत नाही. ठिणगीचं टायमिंग मॅनिफोल्डच्या १०० किलोपास्कल दाबाला (बूस्ट शून्य) २८ अंश आहे, १५० ला (०.५ बार बूस्ट) २०. प्लगचा गॅप १.० मिमी. पंपावर ई२० च (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, म्हणून टार्गेट लॅम्डात (प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण) ठेवलंय, ०.८०. साध्या पेट्रोलचं आदर्श प्रमाण १४.७ धरतात, ई२० ला ते १३.५ च्या आसपास येतं. पण लॅम्डा दोन्हींना सारखाच वाचता येतो.

प्रश्न एवढाच: हे पेट्रोल कमी पडणं आहे की स्पार्क विझणं? दोन्ही वाइडबँडवर सारखेच दिसतात का? नुसत्या अंदाजावर पंप बदलायचा नाही, खर्च मोठा आहे.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, पेट्रोल वाढवल्यावर त्रास वाढला हीच मोठी खूण आहे. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलीच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर येतो आणि मीटर "लीन" म्हणतो. प्रत्यक्षात तिथे पेट्रोल असतंच. तिथे अजून पेट्रोल घातलं की प्लग ओले होतात आणि मिसिंग वाढतं.

लॉगमध्ये रेषेचा आकार बघा. पंप कमी पडत असेल तर आरपीएमबरोबर एएफआर सावकाश, गुळगुळीत चढत जातो. स्पार्क विझत असेल तर काटेरी उड्या दिसतात आणि त्याच जागी आरपीएमची रेषाही थरथरते. तुम्ही लिहिलंय "उडतो", म्हणजे मला स्पार्कचा संशय जास्त.

बूस्टमध्ये सिलिंडरमधली हवा दाट होते, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. १.० मिमी गॅप मला जास्त वाटतो. फीलर गेज घेऊन ०.६५ करा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

तरी एक गोष्ट पेट्रोलच्या बाजूने तपासाच. फ्यूल प्रेशर रेग्युलेटरची हवेची नळी मॅनिफोल्डला नीट जोडलेली आहे का? ती निघाली असेल तर रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर बूस्टबरोबर वाढत नाही. ३ बारची लाइन असेल तर ०.५ बार बूस्टला इंजेक्टरच्या दोन टोकांत २.५ बारच फरक उरतो आणि पेट्रोल साधारण ९ टक्के कमी पडतं. नळी टर्बोच्या आधी नाही, थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डलाच हवी.

प्रतिसाद (अमळनेर)

धुळ्याच्या भाऊंशी सहमत, पण गॅप कमी करण्याआधी लॉगमधला बॅटरी व्होल्टेजचा कॉलम उघडा. त्याच्याकडे कोणी बघत नाही. ४३–४४ अंशांत रेडिएटरचा पंखा सारखा चालू असतो, त्यात फ्यूल पंप. अर्थिंग ढिलं असेल तर व्होल्टेज दीड-दोनने खाली येतं. मग कॉइल पुरती भरत नाही, इंजेक्टर उशिरा उघडतो, पंप सुस्तावतो. पेट्रोल आणि स्पार्क, दोन्ही एकाच कारणाने पडतात आणि आपण एकेक सुटा भाग बदलत बसतो. मॅपमधलं ड्वेल (कॉइल भरायचा वेळ) आणि इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) व्होल्टेजनुसार भरलाय का, तेही बघा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लॉग पुन्हा उघडला. उड्या काटेरीच आहेत आणि आरपीएमची रेषाही तिथेच थरथरते. रेग्युलेटरची नळी जागेवर होती. व्होल्टेज मात्र १३.९ वरून पंखा सुरू होताच ११.८! इंजिनापासून चासीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली निघाली. नवी लावली, बोल्टखालचा रंग खरवडला. आता पंखा चालू असताना १३.५ टिकतं. गॅपही ०.६५ केला. वाढवलेलं पेट्रोल परत काढून घेतलं.

०.५ बारला गाडी आता ६००० पर्यंत सरळ जाते. एएफआर ११.७ ते ११.९. इतका आनंद झाला की मित्राच्या जिनिंगच्या वॉचमनलाही शेजारी बसवून एक फेरी मारली.

पण दुपारी दुसरी काळजी सुरू झाली. पहिल्या दोन-तीन दौडींत इनटेकची हवा ५० अंशांवर असते, नंतर इंटरकूलर तापून ६८ पर्यंत जाते. तेव्हा ३५०० ते ४००० मध्ये बारीक ठणठण ऐकू येते असा संशय आहे. ऐकण्यासाठी तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टने बसवलं, रबरी नळीने ते कानावरच्या इअरमफला जोडलं. रेकॉर्डिंगही केलंय. पहाटे साडेपाचला तोच मॅप अगदी शांत चालतो.

नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठणठण) म्हटल्यावर जोखीम घ्यायची नाही, म्हणून सध्या बूस्ट ०.४ वर आणलाय आणि त्या भागात टायमिंग २ अंश मागे घेतलंय. हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेण्याचा तक्ता स्पीडुइनोत आहे, तो माझा अजून कोरा आहे. ५० अंशांच्या पुढे दर १० अंशांना १ अंश मागे, अशी सुरुवात ठीक राहील का, की ६० च्या पुढे जास्त उतार द्यावा? जळगाव-भुसावळच्या उन्हात टर्बो पेट्रोल गाडी चालवणाऱ्या कोणी हा तक्ता भरला असेल तर आपले आकडे द्या. इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारणारेही सांगा, केळीच्या ड्रिपची नळी आणि फॉगर घरात पडलेले आहेत.