मदत हवी आहे: फुल टाइम ड्युटी करून नर्सिंगची डिग्री, ऑनलाईन खरंच होते का?

कॅज्युअल्टी_मिरज

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतं वाचलंय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या, नाईट करून आलेय आणि झोप लागत नाहीये.

मी मिरजेत एका प्रायव्हेट हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, रजिस्ट्रेशन चालू आहे, आधी जनरल वॉर्ड केला आता कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग). बारावी आर्ट्समधून. वय तिशीच्या पुढे. घरी मिस्टर (त्यांचीही एमआयडीसीत शिफ्टच), सासूबाई आणि दुसरीतली मुलगी. म्हणजे नोकरी सोडून कॉलेजला बसणं हा विषय आमच्याकडे निघूच शकत नाही, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

आता डिग्री का हवीय ते सांगते. एक तर इनचार्जची जागा निघाली की आधी विचारतात बी.एस्सी. आहे का. ज्या मुलींना आम्ही हातात हात धरून कॅन्युला टाकायला शिकवलं त्या आता आमचं रोस्टर लावतात, त्यांच्यावर राग नाही, पोरी चांगल्या आहेत, पण मनात येतंच ना. आणि दुसरं खरं कारण म्हणजे मला पुढे शिकवायचंय, नर्सिंग कॉलेजला ट्यूटर म्हणून, नाईट सुटेल तरी.

तर झालंय असं की ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. तो म्हणतो ऑनलाईन बी.एस्सी. नर्सिंग आहे, दुसऱ्या राज्यातलं कॉलेज, जीएनएमवर डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला टाकतो, फक्त परीक्षेला जायचं, हजेरी आणि क्लिनिकलचं आम्ही बघतो. निम्मे पैसे आधी आणि ओरिजिनल मार्कशीट त्याच्याकडे जमा करायच्या. आमच्या दोन स्टाफने फॉर्म भरलाय पण.

मला विचारायचंय की असं ऑनलाईन काही असतं का? नसेल तर माझ्यासारखीने करायचं काय? आणि ज्यांनी ड्युटी सांभाळून केलंय त्यांनी प्लीज खरंखरं सांगा की कसं जमवलं, ‘इच्छा असली की होतं’ वगैरे नको.

बाह्यरुग्ण

ओरिजिनल कुणालाही देऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच.

ब्रदर_नाशिक

ताई, तो माणूस काय सांगतोय त्यातलं पहिलंच वाक्य तपासा. बेसिक बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं आणि त्याला बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, तुमचं आर्ट्स, म्हणजे त्या कोर्सच्या दारातच तुम्ही उभ्या राहू शकत नाही, मग दुसऱ्या वर्षाला कुठून टाकणार तो? आपल्यासाठी असतो तो पोस्ट बेसिक बी.एस्सी., जीएनएम झालेल्यांसाठीचाच कोर्स, त्यात बारावीची शाखा आडवी येत नाही. रेग्युलर केला तर २ वर्षं. मी तसाच केला, नोकरी सोडून, लग्न व्हायचं होतं म्हणून परवडलं.

आणि ऑनलाईनचं म्हणाल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२० चे नियम आहेत, त्यात ज्या विषयांना ऑनलाईन शिकवायला मनाई आहे त्या यादीत मेडिकल, डेंटल, फार्मसीच्या बरोबरीने नर्सिंग स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे ‘घरबसल्या नर्सिंग डिग्री’ अशी जाहिरात दिसली की पुढे वाचायचीच गरज नाही.

हे जे ‘हजेरीचं आम्ही बघतो’ आहे ना, त्याला आपल्याकडे नॉन अटेंडिंग म्हणतात आणि सगळ्यांना माहीत असतं. कॉलेज कागदावर खरं असतं, तुमची हजेरी खोटी असते. मध्य प्रदेशात काय झालं ते शोधून वाचा, तिथल्या हायकोर्टाच्या आदेशाने सीबीआयने नर्सिंग कॉलेजं तपासली आणि मे २०२४ मध्ये तपासणी करणारे सीबीआयचेच अधिकारी लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. अशा प्रकरणात सापडलेल्या मुलांच्या परीक्षा अडकतात, एजंट नंबर बदलतो.

शिवाय साधा हिशोब करा, एकाच तारखेला तुम्ही मिरजेत कॅज्युअल्टीच्या मस्टरवर सही केलेली आणि तिकडे दुसऱ्या राज्यात वॉर्डात हजर. उद्या सरकारी नोकरीत कागदपत्रं तपासताना दोन्ही दाखले एकाच फाईलला लागतात.

आयसीयू_नाईट

मी ड्युटी करून केलंय, इग्नूमधून (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ), म्हणून लिहितेय.

इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दूरस्थ आहे पण ऑनलाईन नाही, हा फरक डोक्यात पक्का ठेवा. तो नोकरीत असलेल्या रजिस्टर्ड नर्ससाठीच काढलेला आहे, कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६. बारावी आणि जीएनएम असेल तर २ वर्षांचा अनुभव लागतो, दहावीवर जीएनएम केलेल्या जुन्या सिस्टरांना ५ वर्षांचा. प्रवेश परीक्षा असते, ओपननेट म्हणतात. त्या वर्षीची जाहिरात आणि माहितीपुस्तिका इग्नूच्या साईटवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणारी नको, आणि जाहिरात निघायच्या आधीच अभ्यासाला लागा कारण फॉर्मपासून परीक्षेपर्यंत वेळ फार मिळत नाही.

आता ड्युटीचं. थिअरीचा त्रास नाही होत, पुस्तकं येतात, नाईटला दोन ते चारच्या मध्ये जरा शांत असलं तर वाचून होतं (आयसीयूत शांत म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय). असाइनमेंट मी ऑफच्या दिवशी हातानेच लिहायचे, बोटं दुखायची. खरी परीक्षा प्रॅक्टिकलची. ती तुमच्याच हॉस्पिटलात करून चालत नाही, अभ्यासकेंद्राला जोडलेल्या हॉस्पिटलात जावं लागतं, हजेरी सक्तीची, लॉगबुकवर सह्या, केस स्टडी, कम्युनिटीला घरभेटी. मला वाटायचं मी इतकी वर्षं आयसीयू केलंय मला काय शिकवणार, पण सायकियाट्रिक पोस्टिंगला गेल्यावर कळलं की पेशंटशी नुसतं बसून बोलायचं आपल्याला येतच नाही, आपला हात सतत काहीतरी करत असतो. आणि शेवटच्या वर्षाला एज्युकेशन, ॲडमिनिस्ट्रेशन आणि रिसर्च येतं, तुम्हाला शिकवायचंय म्हणता तर ते फार कामाला येईल.

मी जमवलं असं की इनचार्जला सांगून बरेच महिने नाईटच घेतल्या. बाकीच्या पोरी खूश कारण त्यांच्या नाईट कमी झाल्या, आणि त्या बदल्यात प्रॅक्टिकलच्या ब्लॉकला त्यांनी माझ्या ड्युट्या ओढल्या. वार्षिक रजा एकही सणाला घेतली नाही, सगळी त्यासाठी राखून ठेवली. तब्येतीवर परिणाम होतो हे खोटं नाही सांगणार. नाईट करून सरळ प्रॅक्टिकलला उभं राहायचं मात्र करू नका, मी बघितलंय एकीला चक्कर येऊन पडताना, आणि औषध देताना चूक झाली तर डिग्री काय कामाची.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका, माध्यम इंग्लिशच आहे पण आपण रोज नर्सेस नोट्स कुठल्या भाषेत लिहितो?

रोखठोक

एक उलटा प्रश्न. माझी बायको नर्स आहे म्हणून विचारतो. प्रायव्हेटमध्ये पोस्ट बेसिक झाल्यावर पगार किती वाढतो? बऱ्याच ठिकाणी हजार-दोन हजार, कुठे तेही नाही. सरकारी स्टाफ नर्सच्या जाहिरातीत जीएनएमही चालतं. एम्सच्या नॉरसेटला (नर्स भरतीची परीक्षा) पण जीएनएम आणि ५० खाटांच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव चालतो. मग तीन वर्षं घर आणि तब्येत पणाला लावण्यापेक्षा ते का देऊ नये?

कॅज्युअल्टी_मिरज

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रोखठोक, नॉरसेटला ३० ची वयोमर्यादा आहे आणि मी ओपन मधली, ते दार बंद झालं. पगाराचं तुमचं खरं आहे, पण मी पगारासाठी विचारत नाहीये, पन्नाशीला नाईट करायची नाही म्हणून विचारतेय. आमच्याकडे एक सिस्टर आहेत, गुडघे गेलेत, तरी ट्रॉली ढकलत असतात.

आयसीयू_नाईट ताई, हॉस्पिटलच्या एनओसीचं (ना हरकत दाखला) काय केलं? आमच्याकडे एनओसी मागितली की सरळ बाँड पुढे करतात नाहीतर म्हणतात शिकायचं तर राजीनामा द्या. आणि सेंटर पुण्याकडे आलं तर जाऊन येऊन कसं करायचं, मुलीला सासूबाई बघतील पण त्यांचाही बीपीचा त्रास आहे.

न्यूजर्सीची_सिस्टर

इथे अमेरिकेत ऑनलाईन आरएन टू बीएसएन (लायसन्स असलेल्या नर्ससाठीची डिग्री) सर्रास चालतं, आणि तुम्हाला यूट्यूबवर जे व्हिडिओ दिसत असतील ते बहुतेक इथले असणार, म्हणून सांगते की घोळ करू नका. मी इथे आल्यावर कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली, एनक्लेक्स ही परीक्षा देऊन लायसन्स काढलं, नोकरी लागली आणि मग ऑनलाईन बीएसएन. ते ऑनलाईन होऊ शकतं कारण वॉर्डातलं शिक्षण आणि लायसन्स आधीच झालेलं असतं, वरचा भाग रिसर्च, लीडरशिप, कम्युनिटी हेल्थ असा असतो आणि कम्युनिटीचे तास बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष करावेच लागतात. प्रवेशाला अमेरिकेतलं आरएन लायसन्स मागतात, भारतातल्या जीएनएमवर मिरजेत बसून ते करता येईल असं कोणी सांगत असेल तर नाही.

इथे नोकरी करून जमतं त्याचं मोठं कारण रोस्टर. बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे आठवडा संपला, चार दिवस हातात. बरीच हॉस्पिटलं फी पण भरतात, वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत टॅक्समध्ये धरत नाहीत. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ चा कायदा आहे, नव्या आरएनला १० वर्षांत बीएसएन करावंच लागतं. तुमच्या सहा दिवसांच्या आठवड्यात हे कसं बसवता तुम्हीच जाणे, मला तर इथे सुद्धा रडू यायचं.

निवृत्त_मेट्रन

सिस्टर, एनओसीच्या बाबतीत दोन शब्द. मी टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई, त्यामुळे नकार का येतो ते मला माहीत आहे. ‘मला शिकायचंय, परवानगी द्या’ असा अर्ज आला की मॅनेजमेंटला पहिलं दिसतं की ही आता सोडून जाणार. त्याऐवजी अर्जासोबत स्वतःचं रोस्टर लिहून द्या. कोणत्या महिन्यात प्रॅक्टिकल, किती दिवस, त्यातले किती दिवस माझ्या हक्काच्या रजेतून आणि उरलेल्या दिवशी माझी ड्युटी कोण करणार, त्यांच्या सह्यांसकट. मी अशा मुलींना कधी नाही म्हटलं नाही कारण माझं काम त्यांनीच करून आणलेलं असायचं. एनएबीएच या दर्जाच्या मानांकनाच्या तयारीत असलेलं हॉस्पिटल असेल तर त्यांना पण स्टाफच्या शिक्षणाची कागदपत्रं दाखवायला बरी पडतात, ते हळूच सुचवा.

बाँड मागितला तर लगेच घाबरू नका पण वाचून घ्या. मुदत किती, ती कोर्स संपल्यावर सुरू होते की आत्तापासून, सोडलं तर रक्कम किती. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेत असतील तर ठाम नाही म्हणा, झेरॉक्स द्या.

शिकवण्याचं म्हणाल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या (आयएनसी) निकषात ट्यूटरला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक आणि १ वर्षाचा अनुभव धरतात, त्यामुळे तुमचा विचार बरोबर आहे. त्याच्या वर जायचं तर एम.एस्सी. लागेल आणि ती २ वर्षं रेग्युलरच, तेव्हा मुलगी मोठी झालेली असेल. कुठलंही कॉलेज असो, तीन गोष्टी स्वतः बघा: विद्यापीठाची संलग्नता (आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ), त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि आयएनसीच्या यादीत त्या वर्षीचं नाव. डिग्री हातात आली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला वाढीव पात्रतेची नोंद करून घ्या, बऱ्याच मुली ते विसरतात आणि मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करतात.

आणि तुमच्या त्या दोन स्टाफना हा धागा दाखवा.

आयसीयू_नाईट

मॅडमनी लिहिलंय तसंच मी केलं होतं. सेंटरचं म्हणाल तर फॉर्म भरायच्या आधी पुण्याच्या रिजनल सेंटरला फोन करून या वर्षी कुठलं अभ्यासकेंद्र चालू आहे ते विचारा, मागच्या वर्षीच्या यादीवर जाऊ नका. दूर आलं तर रोज ये-जा नाही जमणार. आम्ही चौघींनी मिळून खोली घेतली होती ब्लॉकपुरती, स्वयंपाक पाळीपाळीने.

कॅज्युअल्टी_मिरज

दोन्ही स्टाफना दाखवलं. एकीने अजून पैसे दिले नव्हते, तिने एजंटला नाही कळवलं. दुसरीची मार्कशीट त्याच्याकडेच आहे, उद्या तिचा भाऊ आणि मिस्टर मिळून जाऊन आणतायत, बघू.

मी इग्नूचंच बघतेय. मिस्टरांचं म्हणणं ओपननेट तर दे, पुढचं पुढे. मेट्रन मॅडम, एक शेवटचं, माझा अनुभव दोन हॉस्पिटलांत विभागलाय आणि पहिलं आता बंद पडलंय, डॉक्टर सर दुसऱ्या गावी प्रॅक्टिस करतात. त्यांच्याकडून अनुभवाचा दाखला चालेल का?

निवृत्त_मेट्रन

आत्ताच्या हॉस्पिटलात रजिस्ट्रेशननंतरची २ वर्षं भरत असतील तर जुना लागणारच नाही. भरत नसतील तर डॉक्टरांकडून जुन्या लेटरहेडवर घ्या, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, बेडची संख्या आणि रुजू झाल्याची, सोडल्याची तारीख हवी, सोबत तेव्हाच्या पगाराच्या स्लिपा किंवा बँकेचं स्टेटमेंट जोडा. आणि हे आत्ताच करून ठेवा, जाहिरात आल्यावर नको.