तिजोरीची दुसरी किल्ली

सी ३०१ (मुलगी): नमस्कार सगळ्यांना. शनिवारी कॉलेजात वादविवाद आहे. विषय आहे ‘सरकारने सार्वभौम संपत्ती निधी उभारावा’. मला अनुकूल बाजू मिळाली आहे. बी ४०२ काका, तुमची नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली, म्हणून तुमच्याकडेच येणार होते. मग वाटलं सोसायटीच्या ग्रुपवरच विचारावं, सगळ्यांची मतं कळतील. सेक्रेटरी काका, चालेल ना?

सेक्रेटरी: चालेल की. टाकी सफाईची नोटीस वर पिन केलेली आहे, ती कुठे जात नाही. होऊ दे चर्चा.

ए १०५: बाजू मस्त मिळाली तुला. नॉर्वे धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. ५५ लाख लोकांचा देश, आणि निधीत सुमारे २० लाख कोटी क्रोनर. जगातल्या शेअर बाजारांत नोंदलेल्या सगळ्या कंपन्या एकत्र धरल्या तर त्यातला साधारण दीड टक्का हिस्सा या एका निधीकडे आहे. याच्यापुढे विरोधी बाजू काय बोलणार?

डी २०२ (आजी): अरे, आधी हा निधी म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगा कोणीतरी.

ए १०५: आजी, एखाद्या देशाला तेल, वायू, तांबं सापडतं आणि सरकारकडे एकदम भरपूर पैसा येतो. किंवा निर्यात जास्त असल्याने परकीय चलन साठत जातं. तो सगळा पैसा त्याच वर्षी न उडवता बाजूला काढायचा, शेअर, रोखे, इमारती यांत गुंतवायचा आणि येणारं उत्पन्न पुढच्या पिढ्यांना वापरू द्यायचं.

डी २०२ (आजी): म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही.

बी ४०२: आजी, सगळा विषय तुम्ही एका ओळीत सांगितलात. हात लावायचा नाही हे म्हणायला सोपं. ज्याच्या हातात सही आहे त्याला पाच वर्षांनी निवडणूक असते, खरी अडचण तिथे आहे.

नॉर्वेचंच घेऊ, पण रक्कम बाजूला ठेवू. तिथे समुद्रात मोठा तेलसाठा सापडला १९६९ मध्ये. निधीचा कायदा झाला १९९० मध्ये. आणि पहिला पैसा जमा झाला १९९६ मध्ये. मधली सहा वर्षं निधी कागदावर होता आणि आत काही नव्हतं. कारण त्या वर्षांत सरकारचा अर्थसंकल्प तुटीत होता. शिल्लकच नव्हती तर जमा काय करणार? त्यांना कर्ज काढून दहा-वीस कोटी टाकता आले असते, उद्घाटनही झालं असतं. ते त्यांनी केलं नाही. मला त्या देशाचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं असेल तर या सहा रिकाम्या वर्षांचं.

सी ३०१ (मुलगी): हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. सगळीकडे फक्त आकडाच दिसतो.

ए १०५: काका, हे खरं आहे. पण पुढे त्यांनी नियमही बांधला. २००१ मध्ये ठरलं की निधीतून दरवर्षी साधारण ४ टक्केच सरकारी खर्चासाठी घ्यायचे, म्हणजे दीर्घकाळात जेवढं खरं उत्पन्न अपेक्षित आहे तेवढंच. २०१७ मध्ये तो दर ३ टक्क्यांवर आणला. आणि गुंतवणूक सगळी देशाबाहेर.

बी १०१ (ताई): देशाबाहेर का? स्वतःच्या देशात गुंतवले तर काय बिघडलं?

ए १०५: ताई, दोन कारणं. एक म्हणजे एवढा पैसा एका लहान अर्थव्यवस्थेत ओतला की मजुरी वाढते, महागाई वाढते, चलन वधारतं आणि निर्यात करणारे कारखाने मरतात. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये खोनिंगेनला मोठा वायुसाठा सापडला, त्यानंतर तिथल्या कारखानदारीचं जे झालं त्यावरून या दुखण्याला ‘डच रोग’ असं नावच पडलं. आणि दुसरं म्हणजे पैसा घरात असला की मागायला येणारे फार. अमुक कारखाना वाचवा, तमुक प्रकल्पात घाला. बाहेर असला की ती दारं बंद होतात.

ए ६०१ (डॉक्टर): मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. आत्ताच ओपीडी संपली. ज्या देशात बाळंतीण वाटेत दगावते, ज्या गावात नळाला पाणी नाही, त्या देशाने परदेशातले शेअर घ्यायचे? आज लस दिलेलं मूल चाळीस वर्षं काम करतं. कोणता शेअर तेवढा परतावा देतो? पुढच्या पिढीसाठी साठवायचं म्हणता, पण पुढची पिढी म्हणजे आज वॉर्डात असलेली तीच मुलं ना? त्यांना उपाशी ठेवून त्यांच्याच नावाने बचत करायची, हे मला पटत नाही. अगदी मनापासून सांगते.

बी ४०२: डॉक्टर, राग कसला? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय कोणी निधीच्या बाजूने बोलूच नये. घाना बघा. २०११ मध्ये कायदा करून तेलाचा थोडा पैसा पुढच्या पिढ्यांच्या निधीत आणि थोडा पडत्या काळासाठीच्या निधीत ठेवायला लागले. कायदा कागदावर उत्तम होता. पण त्याच काळात सरकार बाहेरून भरमसाट व्याजाने कर्ज काढत राहिलं. एका खिशात कमी व्याजाची ठेव, दुसऱ्या खिशात जास्त व्याजाचं कर्ज. डिसेंबर २०२२ मध्ये बहुतेक परकीय कर्जांचे हप्ते थांबवावे लागले. निधी असूनही देश वाचला नाही, कारण ती खरी शिल्लक नव्हतीच.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: हा पैसा कुठून आला? जमिनीखालच्या, एकदाच निघणाऱ्या संपत्तीतून आला असेल तर काही भाग राखलाच पाहिजे, कारण ती आपण कमावलेली नाही, फक्त आपल्या काळात निघाली. कर्ज काढून किंवा दुसऱ्या सरकारी संस्थेचं भांडवल उचलून आला असेल तर त्याला निधी म्हणू नये. फिलिपिन्सने २०२३ मध्ये असा निधी केला तेव्हा सुरुवातीचं भांडवल दोन सरकारी बँकांकडून घेतलं, आणि तिथल्या अर्थतज्ज्ञांनी त्याच मुद्द्यावर आक्षेप घेतला होता.

डी ५०४: कर्जाचा निधी म्हटल्यावर मलेशिया आठवलंच पाहिजे. तिथला १ एमडीबी नावाचा सरकारी निधी. २००९ मध्ये सुरू झाला, बरीचशी रक्कम रोखे विकून उभी केली, आणि अमेरिकेच्या न्याय खात्याच्या हिशेबाने साडेचार अब्ज डॉलरहून जास्त लंपास झाले. पंतप्रधान नजीब रझाक स्वतः त्याच्या सल्लागार मंडळावर. २०१८ मध्ये लोकांनी सरकार पाडलं, २०२० मध्ये त्यांना शिक्षा झाली. फेडावं कोणाला लागतंय? करदात्यांना.

ए १०५: पण त्याच मलेशियाचा खजाना नावाचा दुसरा निधी १९९३ पासून चालू आहे. एका चोरीवरून सगळेच निधी वाईट म्हणता येणार नाहीत.

डी ५०४: वाईट म्हणत नाही हो. पहारा कोणाचा, एवढंच विचारतोय.

डी २०२ (आजी): आणि पैसे बुडाले तर? शेअर पडतात की.

ए १०५: पडतात, आजी. २००८ मध्ये नॉर्वेचा निधी एका वर्षात २३ टक्क्यांहून जास्त खाली गेला. २०२२ मध्ये १४ टक्के. दोन्ही वेळा त्यांनी घाबरून विकलं नाही. २००८ मध्ये तर पडत्या बाजारात शेअर घेतच राहिले.

बी ४०२: ज्या सरकारला पुढच्याच महिन्यात पगार भागवायला तो पैसा लागणार आहे, त्याला ही हिंमत परवडत नाही. नॉर्वेला परवडली कारण रोजचा खर्च करांतून भागत होता.

जेवून घेतो. आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती सवडीने लिहितो.

सी ३०१ (मुलगी): वाट बघते काका. वहीची चार पानं भरली.

बी ४०२: हं, आलो. प्रशांत महासागरात दोन शेजारी आहेत, नाउरू आणि किरिबाटी. दोघांकडे संपत्ती एकच, पक्ष्यांच्या विष्ठेपासून झाला असं मानतात तो फॉस्फेट. खतासाठी जगभर मागणी.

किरिबाटी तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. १९५६ मध्ये तिथे फॉस्फेटच्या उत्पन्नाचा निधी सुरू झाला. १९७९ मध्ये खाण संपली आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. खाण गेली, निधी राहिला, आजही सरकारला त्याचा आधार आहे.

नाउरू म्हणजे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. १९६८ मध्ये स्वतंत्र झालं, दोन वर्षांत खाणी स्वतःकडे घेतल्या, आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या अगदी वरच्या देशांत जाऊन बसलं. निधी त्यांनीही केला होता. पण त्यातून मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली, लंडनच्या रंगभूमीवरच्या एका संगीत नाटकात पैसे घातले ते बुडाले, वर कर्जं घेतली. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. बेटाचा मधला भाग खणून खणून नुसते दगडी सुळके उरले आहेत, तिथे शेती होत नाही. २००१ पासून तर उत्पन्नासाठी ऑस्ट्रेलियाकडे येणारे निर्वासित आपल्या बेटावर ठेवून घ्यायची वेळ आली.

या सुळक्यांचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तसाच बघत बसलो होतो. ती जमीन पुन्हा येणार नाही. तिच्या बदल्यात आलेला पैसा तरी राहायला हवा होता.

ए ६०१ (डॉक्टर): काका, किरिबाटीच्या बाबतीत एक भर घालते. तो फॉस्फेट निघाला बनाबा बेटावर. तिथल्या लोकांना १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं. ज्यांच्या पायाखालची जमीन खणली ते कायमचे परक्या बेटावर. निधी शाबूत राहिला म्हणून न्याय झाला असं नाही.

बी ४०२: अगदी खरं. हे मी सांगायला हवं होतं. पोरी, हे तुझ्या भाषणात घे. समोरच्याने काढायच्या आधी तूच मांड.

बी १०१ (ताई): मग तो पैसा सरळ लोकांच्या हातात दिला तर? अलास्कात देतात असं ऐकलंय.

ए १०५: देतात, ताई. १९६९ मध्ये तिथे तेलाच्या भाडेपट्ट्यांचे ९० कोटी डॉलर आले आणि काही वर्षांत खर्च होऊन गेले. लोकांना ते लागलं. म्हणून १९७६ मध्ये राज्यघटनेतच घातलं की खनिजांच्या रॉयल्टीचा किमान २५ टक्के भाग कायमच्या निधीत जाईल. १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला लाभांश मिळतो, पहिल्या वर्षी १००० डॉलर होता. फायदा असा की निधीला कोणी हात घालू गेलं तर प्रत्येक घरातून आवाज उठतो. लाखो पहारेकरी फुकट मिळाले.

डी ५०४: पण आता तिथे लाभांश किती आणि शाळा-रस्त्यांना किती, यावरून दरवर्षी भांडण असतं. २०१६ मध्ये गव्हर्नरने लाभांश निम्म्यावर आणला तेव्हा केवढं वादळ उठलं. १९८० मध्ये त्यांनी आयकरच रद्द करून टाकला होता, त्यामुळे तेल कमी झालं की सगळा भार निधीवर.

सेक्रेटरी: मला एक बोलायचंय. आपल्या सिंकिंग फंडाचं, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशाचं, मी तीन वर्षं बघतोय. दर सभेत कोणीतरी म्हणतं, एवढे पडून आहेत, रंग काढून घेऊ, गेट बदलू. सगळ्यांची इच्छा चांगलीच असते. गेल्या पावसाळ्यात सी विंगच्या स्लॅबचं प्लास्टर पडलं, त्याच रात्री सळ्या दिसत असलेला तो भाग मी टॉर्च लावून पाहिला. तेव्हा हातात काही होतं ते एवढ्यासाठीच, की आधीच्या कमिटीने सभेच्या ठरावाशिवाय चेकबुक बाहेर काढलं नव्हतं. मला देशाचं कळत नाही, पण हे कळतं.

बी ४०२: सेक्रेटरी, तुम्ही बरोबर जागी हात ठेवलात. सिंगापूरने १९९१ मध्ये घटनाच बदलली. आधीच्या सरकारांच्या काळात साठलेल्या राखीव निधीला हात लावायचा तर पंतप्रधानांची इच्छा पुरत नाही, लोकांनी थेट निवडलेल्या राष्ट्राध्यक्षांची संमती लागते. तिथे याला दुसरी किल्लीच म्हणतात. २००९ च्या मंदीत ती पहिल्यांदा फिरली, ४.९ अब्ज सिंगापुरी डॉलरना मंजुरी मिळाली. प्रत्यक्षात सुमारे ४ अब्ज वापरले, आणि २०११ मध्ये ते परत भरले. परत भरले, हे अधोरेखित कर.

सी ३०१ (मुलगी): आणि किल्ली असूनही तिजोरी फोडली असं कुठे झालं?

बी ४०२: आयर्लंड. २००१ चा पेन्शन निधी, कायद्यातच लिहिलं होतं की २०२५ पर्यंत काढायचा नाही. बँका बुडायला लागल्यावर संसदेने कायदा बदलला आणि सुमारे २०.७ अब्ज युरो बँकांमध्ये घातले. काही म्हणतात निधी नसता तर देश आणखी खोल गेला असता. काही म्हणतात निवृत्तांचा पैसा बँकांच्या चुकांवर गेला. मला आजही ठाम सांगता येत नाही. मात्र साध्या कायद्याची किल्ली साध्या बहुमताने फिरते, एवढं त्यातून दिसतं.

ए ६०१ (डॉक्टर): मग माझी एक अट घाला. दुसरी किल्ली असो, तिसरी असो, पण मुद्दल वाढत असताना त्याच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा आरोग्य आणि शाळांना नियमाने मिळालाच पाहिजे. वाट बघून बघून पिढी संपते. सिंगापूरचं सरकारही अपेक्षित उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत रक्कम दरवर्षी वापरतंच ना?

बी ४०२: वापरतं. तुमची अट मला मान्य आहे, डॉक्टर. चिलीचं उदाहरण तुमच्याच बाजूचं आहे. तांब्याचा भाव चढा होता तेव्हा त्यांनी साठवलं, त्या वेळी अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर लोक चिडले होते. २००८ च्या शेवटी भाव कोसळला आणि २००९ मध्ये तोच पैसा लोकांसाठी बाहेर काढला. दीर्घकाळात तांब्याचा भाव काय धरायचा हे मंत्री ठरवत नाहीत, स्वतंत्र तज्ज्ञांची समिती ठरवते. ते फार शहाणपणाचं आहे.

सी ३०१ (मुलगी): काका, मग मी असं मांडू का? निधी उभारावा, पण कायदा आधी व्हावा आणि पैसा नंतर यावा. कर्ज काढून एक रुपयाही त्यात जाऊ नये. दरवर्षीचा हिशेब लोकांसमोर उघडा असावा, आणि मुद्दलाची किल्ली सरकारपक्षाबाहेरच्या कोणाकडे तरी असावी.

बी ४०२: मांड. ‘उघडा हिशेब’ म्हणतेस तेव्हा नॉर्वेचं सांग, निधी कोणत्या कंपनीत किती आहे याची पूर्ण यादी ते प्रसिद्ध करतात. आणि परीक्षक विचारतील की शिल्लकच नसेल तर काय, तेव्हा १९९० ते १९९६ सांग.

ए १०५: शनिवारी किती वाजता आहे? बाहेरच्यांना बसू देतात का?

सी ३०१ (मुलगी): सकाळी दहाला, सभागृहात. बसू देतात. आजी, तुम्ही पण या ना.

डी २०२ (आजी): येते. पुढच्या रांगेत जागा धर, मला लांबून ऐकू येत नाही.